उतेकरभाऊंची फरारी फाईल

उतेकरभाऊ कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याच्या डब्यावर बोटानं टकटक करायचे. मग एक पाऊल मागं सरून खाकरायचे आणि मगच बटण दाबायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत झुरळ शिरलं असेल, ते हाकलताहेत. विचारलं तर म्हणाले, "कुणाच्याबी दारात जाताना आधी कडी वाजवावी गो. आत माणूस कशा अवस्थेत असेल, काय सांगावा?"

ही सवय नोकरीतली. भाऊ कोर्टात बेलीफ होते. समन्स आणि नोटिसा घेऊन लोकांच्या दारात जायचं, कागद हातात द्यायचा, सही नाहीतर अंगठा घेऊन परत यायचं. ऐकायला सोपं आहे. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत ना, तिथं खालच्या वळणावर भाऊंची टोपी दिसली की वरचा कर्ता पुरुष गायब व्हायचा. घरातली बाई शांतपणे सांगायची, "ते नायत."

यावर भाऊंचा ठरलेला प्रश्न असायचा, "नाय म्हंजे नक्की कुठं नाय?"

एकदा असाच एक जण भाताच्या पेंढ्याच्या उडवीत शिरून बसला होता. बायको म्हणाली, ते मुंबयला गेलेत. भाऊंनी तिच्याकडं पाणी मागितलं, उडवीच्या सावलीत बसकण मारली, भाकरी सोडली आणि सावकाश जेवायला लागले. जेवण झालं, पान झालं, यंदाच्या पिकावर बोलून झालं. शेवटी उडवी शिंकली. "बाय, तुझा पेंढा आजारी दिसतो," असं म्हणून भाऊंनी कागद पुढं केला.

रिटायर झाल्यावर शोधायला माणसं उरली नाहीत, म्हणून भाऊ आळीतल्या वस्तू शोधायला लागले. कुणाचा चष्मा, कुणाची शेळी, कुणाची गॅसची टाकी. जवळच्या वीर गावात एका लग्नात माझी नवी चप्पल गेली, तर मी अनवाणी घरी आले आणि विसरूनही गेले. भाऊ विसरले नाहीत. आठवड्याभरानं ते माझ्या दारात चप्पल घेऊन उभे. वीर स्टेशनावरच्या रिक्षावाल्यांपासून सुरुवात करून ते नवरदेवाच्या मावशीपर्यंत पोचले होते. "पायात घालून बसली होती," भाऊ म्हणाले. "मी नुसता तिच्या पायाकडं बघत बसलो. बोललो काय नाय."

मी त्यांच्या शेजारी राहायची आणि महाडच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. म्हणून भाऊ मला 'मास्तरीण' म्हणत. त्यांचा मुलगा सुरेश मुंबईला नोकरीला. त्यानं स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बापाला दिला. वीर स्टेशनवरून रिक्षातून भाऊ तो असा घेऊन आले, की मॉनिटर मांडीवर, त्यावर त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, शाल, आणि रिक्षावाल्याला दर खड्ड्याला ताकीद. तसं बघता भाऊंना कॉम्प्युटरचं काही कामच नव्हतं. पत्ते खेळायचे, पंचांग बघायचे, आणि ओल्या हवेत बुरशी धरू नये म्हणून तो रोज थोडा वेळ चालू ठेवायचे.

अशात एके दुपारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "मास्तरीण, वाईच येऊन जा गो. आमची एक फाईल फरार झालीय."

गेले. काकू खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. सुमनकाकू म्हणजे एके काळी आमच्या आळीचा भोंगा. त्यांनी घरात भाऊंना झापायला सुरुवात केली की चवदार तळ्यापर्यंत ऐकू जायचं, असं लोक म्हणत, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. पण आदल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हातही थोडा हलायला लागला, पण बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले होते की येईल, नाहीतर नाही येणार. तुम्ही बोलत राहा. काकू ऐकायच्या, मान हलवायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. भाऊ त्यांची वेणी घालायचे. ती एका बाजूला निघायची, पण घट्ट असायची.

"फाईलीचं नाव काय, भाऊ?" मी विचारलं.

"नाव ठेवलेला होता. पण काय ठेवला, ता आठवत नाय."

"आत काय होतं?"

भाऊंनी पलंगाकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "घरगुती मजकूर हाय."

मी समजले, पेन्शनचं नाहीतर जमिनीचं काहीतरी असेल. कॉम्प्युटरवर शोधायची खिडकी उघडली. त्या काळी या खिडकीत कोपऱ्यात चित्रातला एक पिवळा कुत्रा बसलेला असायचा. तुम्ही शोधायला सांगितलं की तो शेपूट हलवायचा, पानं उलटायचा, आणि शेवटी काही सापडलं नाही असं सांगायचा. भाऊंना आधी तो फार आवडला. "सरकारी दिसतो," म्हणाले. पण त्यानं सुरेशच्या नावानं शोधलं, काही नाही. घराच्या नावानं शोधलं, काही नाही. तेव्हा भाऊंचं मत फिरलं. "हा काय कामाचा नाय गो. नुसता शेपूट हलवतो. नाक खाली लावताना एकदा तरी दिसला काय तुला?"

"भाऊ, तो म्हणतो, फाईल नाही."

"नाय म्हंजे नक्की कुठं नाय?"

मग फाईल कुठं कुठं नाही, तेच मी बघत बसले. मी तारखेवरून शोधू म्हटलं. भाऊंना तारीख पक्की आठवत होती, गणपतीत सुरेश आला होता तेव्हाची. कुत्र्यानं गणपतीचे सगळे दिवस धुंडाळले आणि रिकाम्या तोंडानं परत आला. मग माझ्या लक्षात आलं की या कॉम्प्युटरचं घड्याळच बंद आहे. आतला छोटा सेल संपला होता. वीज गेली की बिचारा सगळं विसरायचा आणि वीज आली की पुन्हा कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीपासून आयुष्य सुरू करायचा. महाडला तेव्हा रोजचं लोडशेडिंग. म्हणजे या यंत्रात गणपती कधी आलेच नव्हते.

"यडा हाय काय हा!" भाऊ म्हणाले. "ह्याची साक्ष कुठल्या कोर्टात चालायची नाय."

मी वाड्या-वस्त्या पालथ्या घालाव्यात तशी एकेक फोल्डर उघडून लिहिलेल्या फायली वाचत सुटले. क्लास सुटला की मी तिथं, आणि भाऊ शेजारी स्टुलावर. दरम्यान डब्यातून कट्‌कट् असा आवाज यायला लागला होता, हार्ड डिस्क मरायला टेकल्याची खूण. मी भाऊंना तसं सांगितलं. ते डब्याला कान लावून म्हणाले, "जिती हाय अजून."

शेवटी मी बाजारातल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडला, आवाज ऐकला आणि क्षणात निकाल दिला. "काका, डिस्क चाललीय. फॉरमॅट मारून बघू, नायतर नवीन टाकू."

"फॉरमॅट म्हंजे काय करणार?"

"सगळं पुसून नव्यानं भरायचं."

भाऊ उठले आणि डब्यासमोर हात पसरून उभे राहिले. एवढा सभ्य माणूस, पण त्यांचा चेहरा बघून रिपेअरवाला मागं सरकला. "माणूस सापडत नाय म्हणून गाव जाळतात काय रे? चहा घे आणि जा."

तो गेल्यावर मीही जरा वैतागले. रोजचं तेच, तीच कट्‌कट्. "भाऊ, ही डिस्क उद्या बंद पडेल. तुम्ही आत काय आहे ते धड सांगत नाही. निदान मराठीत लिहिलंय की इंग्रजीत, एवढं तरी सांगा!"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. मग मला हातानं खुणावून मागच्या दारी घेऊन गेले. तिथं अळवाच्या वाफ्याशी उभे राहून हळूच म्हणाले, "लिवलेला नाय गो. बोललेला हाय."

"म्हणजे? आवाज आहे?"

"आवाज हाय."

"अहो भाऊ! मी इतके दिवस लिहिलेल्या फायली शोधतेय! आधी का नाही सांगितलंत?"

"ती आत बसलेली असते ना," भाऊ म्हणाले. "तिच्या कानावर गेला, ती आस लावून बसली, आणि मागनं नाय सापडला तर? म्हणून बोललो नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गणपतीत सुरेशनं एक माईक आणला होता. तो चालतो का बघायला त्यानं आईपुढं धरला आणि काहीतरी बोल म्हणाला. काकू बोलल्या. ते त्यात राहिलं. त्यानंतर दिवाळी आली. सुरेशला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, केलं होतं खरं, पण कुठं ठेवलं ते आठवत नाही.

मी घरात आले आणि पुन्हा कुत्र्यासमोर बसले. आता मात्र मलाच हट्ट चढला. सुरेशचं म्हणून एक फोल्डर असायला हवं होतं, ते दिसत कसं नाही? तेव्हा उजेड पडला. त्या दिवसांत पेनड्राइव्हमधून एक व्हायरस घरोघर फिरत होता. तो काही बिघडवायचा नाही, नुसती फोल्डरं लपवून ठेवायचा. सुरेशचा पेनड्राइव्ह जत्रेतून आल्यासारखा सगळीकडं फिरून आलेला. आणि आपला पिवळा कुत्रा असा शिस्तीचा, की लपवलेल्या जागी बघायला सांगितल्याशिवाय तो बघायचाच नाही. त्यासाठी खाली एका चौकोनात खूण करावी लागायची. मी ती केली आणि सांगितलं, आवाजाच्या असतील तेवढ्या सगळ्या फायली आण.

कट्‌कट् वाढली. कुत्रा पानं उलटत राहिला. भाऊंनी स्टूल पुढं ओढलं. मग एकदम यादी वाहायला लागली, खाली, खाली, थांबेचना.

"एवढे?" भाऊ म्हणाले.

बहुतेक कॉम्प्युटरचेच आवाज होते, चालू होतानाचा, बंद होतानाचा, चूक झाल्याचा. शिवाय सुरेशची गाणी. मी म्हटलं, यातली मोठी मोठी तेवढी ऐकू. भाऊंना ते पटेना. "घर वगळायचा नाय. जिथं वगळला तिथंच माणूस असतो." मग एकेक सुरू झालं. टिंग. "तू नव्हेस. पुढं." ठण्ण. "तू पण नव्हेस." मधेच एखाद्या गाण्याचा ढोल असा दणाणायचा की काकू दचकून आमच्याकडं बघायच्या, आणि भाऊ घाईनं म्हणायचे, "काय नाय, काय नाय, मशीन साफ करतोय."

आणि मग एक फाईल उघडली. आधी खरखर झाली, कुठंतरी भांडं पडलं. आणि काकू खोलीभर झाल्या.

"अरे, ता काय माझ्या तोंडात घालतोस? सुरेश, बाजूला कर रे तो! काय बोलू? मला काय भाषान करायचाय? अवो, तिकडं दूध उतू चाललाय, आणि तुम्ही हसताव काय उभ्या उभ्या? जन्म गेला लोकांना शोधण्यात, घरातला दुधाचा पातेला दिसत नाय तुम्हाला! व्हा बाजूला! आणि ता बटान बंद करा आधी..."

एवढंच होतं. मी वळून पाहिलं. काकू खिडकीकडं बघत नव्हत्या. त्यांची मान आमच्याकडं वळली होती आणि ओठ हलत होते. भाऊ स्टुलावर बसल्या जागी रडत होते आणि हसतही होते. "घरात मला कुणी ओरडतच नाय गो," ते मला म्हणाले. "एवढा शांत घर. मला झोप येत नाय."

सगळ्यात आधी मी ती फाईल सीडीवर उतरवून घेतली. ते झाल्यावर भाऊंनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग पुन्हा. मग पलंगापाशी जाऊन ते काकूंना समजावायला लागले, की हे तुझंच आहे, सुरेशनं धरलं होतं, आठवतंय ना, आम्ही किती दिवस शोधतोय, व्हायरस म्हणजे काय, तो कुत्रा कसा बिनकामाचा, रिपेअरवाल्याला कसं हाकललं. थांबेचनात. काकूंनी डावा हात वर केला. थांबा, अशी खूण केली. भाऊंना कुठलं भान!

काकूंच्या कपाळावर आठी पडली, चेहरा लाल झाला, सगळं अंग एकवटल्यासारखं झालं.

"गप!"

स्पष्ट. अगदी स्पष्ट. साऱ्या संसारात ज्या बाईनं नवऱ्याला 'अवो'शिवाय हाक मारली नव्हती, ती एकेरीवर आली होती.

भाऊ तसेच बाहेर धावले, पायात चप्पल न घालता. समोरच्या दुकानदाराला, कोपऱ्यावरच्या शिंप्याला, रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी अडवून सांगितलं, "मला गप म्हणाली! आमची ही, मला गप म्हणाली!" लोकांना वाटलं, म्हातारा बिघडला.

मी सीडी टेबलावर ठेवून निघाले, तोवर भाऊ परत येऊन पलंगाशेजारी बसले होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. कुठल्या वाडीत कोण कुठं लपला होता, कुठल्या साहेबांची बदली का झाली, भोपळ्याचे भाव, काहीही. काकू त्यांच्याकडं रोखून बघत होत्या. भाऊंचं अर्धं लक्ष बोलण्यात होतं आणि अर्धं काकूंच्या ओठांकडं. मधेच ते अगदी थोडं थांबायचे, वाट बघायचे, आणि पुन्हा पहिल्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागायचे.