बिनबियांचा पार्ट

ट्रॉय, मिशिगन येथील राजीव सबनीस यांच्या स्वयंपाकघरात शनिवारी सकाळी मिक्सर बंद पडला. भांड्यात चिंच होती. संध्याकाळी मंडळाची भेळपार्टी होती आणि आंबटगोड चटणी करायची जबाबदारी राजीवकाकांच्या पत्नी सुलेखाकाकूंकडे होती. गेल्या वर्षी ती मंडळातल्याच नीलांबरीकडे होती, तेव्हा काकू चारचौघांत म्हणाल्या होत्या, "बरणीतली वाटतं? चालतं गं, सगळ्यांनाच कुठे घरी करायला जमतं!" त्यामुळे यंदा चटणी घरचीच हवी होती. प्रश्न चवीचा नव्हताच.

राजीवकाका मोटारींच्या वायपरच्या चाचण्या घेतात. त्यांनी मिक्सर उलटा करून उघडला, तेव्हा आतल्या पंख्यात अडकलेला एक पार्ट टेबलावर पडला. तपकिरी, चकचकीत, चपटा. त्यावर नंबर नाही, कंपनी नाही, व्होल्ट नाही, वॅट नाही. काकांनी झाकण लावून बटण दाबलं. मिक्सर सुरू झाला.

"चालला! द्या इकडे," काकू म्हणाल्या.

"एक पार्ट बाहेर असताना चालतोय," काका गंभीरपणे म्हणाले, "हीच काळजीची बाब आहे. रेटिंग कळल्याशिवाय मी हा मिक्सर रिलीज करू शकत नाही. उद्या आग लागली तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न विचारतील, पार्ट कुठाय?"

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला. अमेरिकेत इन्शुरन्सचं नाव काढलं की माणसं शोकसभेत असल्यासारखी वागतात.

टेक्सासमधल्या शुगर लँडहून काकांचे कॉलेजमित्र प्रल्हाद व्हिडिओ कॉलवर आले. ते पॉवर प्लांटवाले, म्हणजे या विषयात त्यांचा शब्द अंतिम.

"राज्या, पाय आहेत का त्याला?"

"नाहीत."

"मग सरफेस माउंट, थेट बोर्डावर चिकटवतात तो. मीटर लाव."

मीटर लावला. करंट जाईना.

"घासून लाव."

घासून लावला. तरी जाईना.

"करंट घेत नाही, तापत नाही, आवाज करत नाही," प्रल्हाद हळव्या आवाजात म्हणाले. "यार, हा जपानी आहे."

एवढ्यात अनिका कॉफी घ्यायला खाली आली. ही काका-काकूंची मुलगी, डेट्रॉइटमध्ये वकील. तिने टेबलाकडे एकदाच पाहिलं. "डॅड, दॅट्स अ टॅमरिंड सीड."

काकांनी शांतपणे चिंचेचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. "मोठ्याने वाच."

"सीडलेस."

"मग?"

अनिकाने पाकीट उलटून मागची बाजूही वाचली. "ओके. लीगली, यू हॅव अ पॉइंट." आणि ती कॉफी घेऊन वर गेली.

व्होल्टेजचं रेटिंग लागेना, तेव्हा तापमानाचं काढायचं ठरलं.

"तव्यावर ठेव आणि आच वाढवत जा," प्रल्हाद म्हणाले. "ज्या तापमानाला जळेल, ते त्याचं रेटिंग."

"आणि जळल्यावर?"

"नवा आणायचा. रेटिंग माहीत झालेलं असेल ना!"

पार्ट तडतडला. घरभर खमंग वास सुटला. काकांचे डोळे भरून आले. शाळेच्या फाटकाबाहेर, गोट्यांनी भरलेल्या खिशात, असाच वास असायचा. डोळे पुसून त्यांनी निष्कर्ष दुरुस्त केला: "जपानी नाही. भारतीय बनावटीचा आहे."

मग पार्ट काळा पडला आणि दुभंगला. रेटिंग मिळालं, पण आता मिक्सरला लावायला पार्टच उरला नव्हता. मूळ कंपनीकडून तसाच पार्ट येईपर्यंत मिक्सर गराजमध्ये, कुलपात गेला.

काकूंनी पर्स उचलली, ड्राइव्ह करत इंडियन स्टोअर गाठलं आणि चिंचेच्या चटणीच्या चार बरण्या आणल्या. कचऱ्यातही कुणाला दिसू नयेत म्हणून गरम पाण्यात बुडवून लेबलं सोलली, मग चटणी स्टीलच्या पातेल्यात ओतली आणि वर कोथिंबीर भुरभुरवली. काकांनी हे सगळं पाहिलं. पातेल्यावर नंबर नव्हता, कंपनी नव्हती. त्यांनी एकही चाचणी मागितली नाही.

पार्टीत नीलांबरीने बोट बुडवून चाटलं. काकू पातेल्यावर आणखी कोथिंबीर भुरभुरवू लागल्या.

"अगदी घरची!" नीलांबरी म्हणाली. "लगेच कळतं हो. बरणीतल्याला ही चव नाही."

"सवय लागते गं हाताला," काकू म्हणाल्या.

हसू नका. तुमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला तुम्ही आधी विचारता, "कुठल्या कंपनीत?" आणि मगच ठरवता, चहा कुठल्या कपातून द्यायचा.