टाके घातलेला पराठा

तीस वर्षं गाद्या भरतोय मी! कापूस कुठे किती कोंबायचा ते डोळे मिटून सांगेन. एक पराठा भरायचा तर त्यात काय एवढं?

काळजी पराठ्याची नव्हती हो, बायकोची होती. पोटाचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले, पण हिच्या घशाखाली घास उतरेना. सूप नको, खीर नको. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर पुन्हा दाखल करू." माझं तर धाबंच दणाणलं.

पनीर, पालक, मोड आलेले मूग, ताकदीचं म्हणून जे जे सापडलं ते सारणात घातलं आणि गादीच्या हिशेबानं दाबून भरलं. लाटणं टेकवलं, पराठा फुटला! दुसराही फुटला! तिसऱ्यातले मूग थेट भिंतीवर!

आता गादीची कड उसवली तर आपण काय करतो? शिवतो! पांढरा दोरा घेऊन दोन पराठ्यांना कडेनं बारीक टाके घातले. भाजल्यावर दोरा ओढून काढायचा, की झालं.

तुपाचा वास सुटला आणि आतून आवाज आला, "अहो, काय करताय? आणा की!"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं! ताट घेऊन असा धावलो, की दोरा काढायचाच राहिला.

अर्धा पराठा संपतोय तोच शेजारच्या काकू डोकावल्या. बायको तोंडातून दोरा ओढत होती. वीतभर आला, हातभर आला...

"अगं बाई! पोटातले टाके वर आले!" काकू किंचाळल्या आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर धापा टाकत आले. पोट तपासलं. "टाके जागच्या जागी आहेत." मग ताटातला दुसरा पराठा उजेडात धरला. "हा कोणी शिवला?"

"मी," मी मान खाली घातली.

"माझ्यापेक्षा सुबक की हो!" त्यांनी दोरा ओढला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि एकदम थांबले. "सुई कुठंय?"

मी पोळपाट उचलला, काकूंनी पिठाचा डबा उपडा केला. बायको पोट धरून हसत सुटली. "ह्यांच्या कॉलरला बघा! तीस वर्षं तिथंच असते. आणि डॉक्टर, तो पराठा माझा आहे, द्या इकडे!"

"संपवा सगळा," डॉक्टर म्हणाले, "मग दाखल व्हायचं नाव नको."

तिनं शेवटच्या तुकड्यानं ताटही पुसून खाल्लं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मिरची लागली गं."

"तुम्ही खाल्लाय कुठे?" ती म्हणाली. "आणि सारणात मिरची घालायला विसरलायत!"