चार खांबांवरचा पलंग

जागा कधीच कमी नसते, माणसाची नजर कमी पडते, हे माझं जुनं मत. शाळेत मी कारकून. तिथलं कपाट मीच लावतो. दुसऱ्याला जिथं टाचणी ठेवता येत नाही, तिथं मी नकाशांच्या गुंडाळ्या बसवल्यात. तेव्हा आमच्या झोपायच्या खोलीत एका बाजेपुरती जागा काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ! असं मी बायकोला, बेबीला, छातीठोकपणे सांगून टाकलं.

बाज हवी होती लेकीसाठी. मयुरीचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरणीनं माहेरी यायचं, बाजेवर शेक घ्यायचा, ही रीतच. पण तिच्या सासूबाई, नांदुऱ्याच्या गीताबाई, फोनवर म्हणाल्या होत्या की तुमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तिसऱ्या रविवारी पोरीला घेऊन येते, बाजेला जागा दिसली तर ठेवते, नाही तर आल्या गाडीनं परत नेते. फोन ठेवल्यावर बेबी ओट्यापाशी नुसती उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

"आपली लेक," ती म्हणाली, "अन् तिला टेकायला आपल्याच घरात जागा नाही."

मी विटा आणल्या.

युक्ती साधी होती. पलंगाच्या पायांखाली विटा घालायच्या, आणि खोलीभर पसरलेलं सामान त्याच्या पोटात ढकलायचं. एकेक वीट घातली, ट्रंक आत गेली. आणखी एकेक घातली, गोधड्यांची गाठोडी गेली. शिलाई मशीन अडलं, आणखी विटा आल्या. मग उरली ज्वारीची पत्र्याची कोठी. चांगली माझ्या छातीएवढी. आडवी करावी तर ज्वारी सांडणार. म्हणजे पलंगालाच कोठीच्या डोक्यावरून नेणं आलं!

शेजारचा पुंजाजी गवंडी. त्यानं विटांची उतरंड बोटानं हलवून पाहिली आणि म्हणाला, "प्रेमानंदभाऊ, झोपेत कूस बदलली की थेट भुईवर. खांब बांधू."

त्यानं ओळंबा लावून चार खांब बांधले. सिमेंटचे. जाताना बजावून गेला की पाणी मारत राहा. लोक सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालतात, मी तांब्या घेऊन पलंगाच्या पायांना घालू लागलो! खांब पक्के झाले. गल्लीतल्या गड्यांनी पलंग वर चढवला, सामान खाली गेलं, आणि खोली... काय सांगू तुम्हाला!

भुई दिसली. आमच्या लग्नाच्या वेळी बसवलेली शहाबादी फरशी, इतकी वर्षं ट्रंकांखाली दडलेली, कोऱ्या लुगड्यासारखी अंथरली होती. खिडकीतलं ऊन आजवर कोठीवर आपटून माघारी फिरायचं. ते आत आलं आणि पार भिंतीपर्यंत चालत गेलं. बेबीनं चपला बाहेर काढल्या. आपल्याच खोलीत ती पाहुण्यासारखी उभी राहिली, आणि तिच्या ओठांवर ओवी आली.

लेक येते बाळंतपणा, भुई झाली गं मोकळी
मुठीएवढ्या जीवासाठी, पलंग गेला आभाळी

मी मान वर करून पाहतच राहिलो. हे मी केलं होतं!

बातमी अख्ख्या साखरखेर्ड्यात झाली. लोक बघायला येऊ लागले. कुणी वाकून खाली बघे, कुणी टोपी सावरत वर. समोरच्या सिंधूताईंनी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. मग म्हणाल्या, एवढी मोकळी भुई आहे तर आमचा कूलर ठेवता का, उन्हाळ्यापर्यंत. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची बेबीच्या जिभेला सवय नाही. कूलर आला. कूलरला हो म्हटल्यावर पलीकडच्या बनाबाईच्या शेवयांच्या मशीनला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? तीही आली. पुंजाजीच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना तर हक्कच होता. आदल्या शनिवारी बघतो तो शहाबादी फरशी पुन्हा गडप! आणि खांब सिमेंटचे, पलंग खाली घ्यायचीही सोय नाही. जागा पहिल्याइतकीच, फक्त झोपायला आता स्टूल लागू लागलं.

रविवारी गीताबाई आल्या. मागून मयुरी, पोटावर हात धरून जपून पाय टाकत. गीताबाई खोलीच्या उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी कूलर पाहिला, फळ्या पाहिल्या. मग त्यांची नजर खांब धरून हळूहळू पलंगापर्यंत चढत गेली. बेबीनं माझी बाही घट्ट पकडली. मयुरी आईकडं बघेना.

"इवाई," गीताबाई मला, त्यांच्या व्याह्याला, म्हणाल्या, "हे काऊन केलं?"

"बाजेला जागा पाहिजे होती."

"अन् हे खालचं सामान कोनाचं?"

"गल्लीचं."

त्या पुन्हा वर बघू लागल्या. "लेकीसाठी मानसानं पलंग आभायात नेला," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग पदर खोचून गल्लीत गेल्या आणि म्हणाल्या, "ज्याचं त्यानं उचला. माही सून बाळंतपनाले येऊन राह्यली."

मयुरी अख्ख्या गल्लीची लेक, म्हणजे अख्खी गल्ली लेकीकडची. लेकीच्या सासूचा शब्द मोडायची कुणाची टाप? कूलर आल्या पावली गेला. पुंजाजीनं फळ्या डोक्यावर घेतल्या. ऊन पुन्हा आत आलं. फरशीवर बाज पडली, मयुरी तिच्यावर टेकली, आणि एकदम हसून तिनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत कुणीतरी पाय झाडत होतं. अजून जगात न आलेला एवढासा जीव, आणि खोली त्यानं भरून गेली होती.

मी छाती फुगवणार, तेवढ्यात गीताबाईंनी स्टूल मागितलं. लुगडं सावरत त्या वर चढल्या, गादी दाबून पाहिली, उशाशी असलेल्या झरोक्यातून बाहेर डोकावल्या.

"माय वं," वरून आवाज आला, "अख्खं साखरखेर्डं दिसते इथून. अन् पोरगी बी डोयापुढं. इवाई, माही पिशवी वर द्या. बाळंतपन होईस्तोवर मी इथंच राह्यते."

मी पिशवी वर दिली. तेव्हापासून मी आणि बेबी ओसरीत झोपतो. सकाळी वरून हाक आली की मी खाली उभा राहून, मान वर करून, दोन्ही हातांनी चहाची बशी धरतो. पुंजाजी म्हणतो, असे बांधलेत की हलायचं नाव घेणार नाहीत. तो खांबांबद्दल बोलतोय. गीताबाईंचंही मला तसंच दिसतंय.