रडार नसल्याचा दाखला

विषय : वीरुपाक्ष_५जी वारंवार बेपत्ता होण्याबाबत.
संदर्भ : वरीलच.

ताडकळसपासून सात किलोमीटरवर एक गाव आहे. गावाचं नाव सुरक्षेच्या कारणास्तव गाळलं आहे. तिथे वीरुपाक्ष अप्पांचं किराणा दुकान आहे, दुकानामागे घर आहे आणि घरात एक राउटर आहे. राउटर दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतो. कनेक्शन अप्पांच्या नावावर असल्यामुळे दोन्ही पट्ट्यांना त्यांचंच नाव पडलं : 'वीरुपाक्ष' आणि 'वीरुपाक्ष_५जी'. पहिला हळू चालतो, पण घर सोडत नाही. दुसरा वेगवान आहे, पण दिवसातून चार-पाच वेळा कुणाला न सांगता निघून जातो.

"एक सांभाळता सांभाळता केस पिकले माझे," अप्पांच्या पत्नी भागम्मा म्हणाल्या. "हा दुसरा कशाला आणला तुमी?"

दुसरा मुलीसाठी आणला होता. शिवरंजनीला पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं होतं. काम ग्राहकांशी व्हिडिओवर बोलण्याचं. पहिला महिना पारखण्याचा. त्या महिन्यात बोलताना लाइन तीनदा तुटली, की काम संपलं. साध्या पट्ट्यावर ग्राहकाचे फक्त ओठ हलत आणि आवाज मागाहून येई, म्हणून फाइव्ह जी. पहिल्याच आठवड्यात लाइन दोनदा तुटली.

उरली एक.

नोंद १. तक्रार

"राउटर बंद करून चालू करा," ग्राहक सेवेतली बाई म्हणाली.

"केला," शिवरंजनी म्हणाली.

"आता पुन्हा बंद करून चालू करा."

"चार दिवस झाले, मी दुसरं काय करायलेय?"

"धन्यवाद. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे."

तसा मेसेजही आला. साध्या पट्ट्यावरून.

नोंद २. निदान

परभणीहून इंटरनेट कंपनीचा माणूस आला, नागसेन. त्यानं लॅपटॉप जोडून राउटरची आतली नोंद उघडली.

"अप्पा, इथं लिहिलंय, 'रडार आढळले, जागा रिकामी केली.'"

"रडार? कोणाचं?"

नागसेननं समजावून सांगितलं. हवेतल्या या वाटेवर पहिला हक्क रडारचा : विमानाचं, हवामानाचं, कुठलंही. राउटर तिथे भाडेकरू. रडारची चाहूल लागली की भाडेकरूनं मुकाट्यानं निघायचं, असा नियम आहे.

"आरं, इथं यष्टी टायमाला येईना. इमान कुठून आणलंस?"

"इमान न्हाई अप्पा. ह्याला भास होतो. पण भास झाला तरी नियम पाळावा लागतो."

"मग भास बंद कर."

"सेटिंगात हाय ते. पण कंपनीचं म्हणणं, गावात रडार नसल्याचा दाखला आणा, मगच हात लावा. उद्या खरंच रडार निघालं तर खामखा माझी नोकरी जायची."

नोंद ३. दाखला

ग्रामसेवक भागवत भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"अप्पा, थकबाकी नसल्याचा दाखला मी देतो. का देतो? घर रजिस्टरला हाय म्हणून. रडार रजिस्टरलाच न्हाई, तर ते न्हाई असं मी कशावरून म्हणू?"

"मग वो?"

"आधी नोंद करू. मग नोंद कमी करू. मग न्हाई म्हणू."

अप्पांना पटलं. कुणालाही पटलं असतं. नोंद झाली ती अशी : 'रडार, नग एक. मालक : शासन. ठिकाण : वीरुपाक्ष यांची गच्ची (आढळल्याचा एकमेव लेखी पुरावा सदर घरातील असल्याने). उंची : दिसून येत नाही. स्थिती : चालू.'

नोंद कमी करायला ग्रामसभेचा ठराव लागतो.

नोंद ४. (गाळली आहे. सुरक्षा.)

नोंद ५. ग्रामसभा

"परभणीला न्हाई, जिंतूरला न्हाई," सरपंच सरजाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "आपल्याला हाय. अन् हे अप्पा म्हणायलेत, काढा!"

"अवो, पण ते न्हाईच!"

"रजिस्टरला हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"दिसायलंय का कुणाला?"

"दिसलं तर शत्रूलाबी दिसंल की!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

नोंद कमी करण्याचा ठराव पडला आणि रडार संवर्धन समिती स्थापन झाली. रडार ज्याच्या गच्चीवर तोच अध्यक्ष, हे ओघानंच आलं. अप्पांच्या गळ्यात हार पडला. हार काढेपर्यंत त्यांचं मत थोडं बदललं होतं.

समितीनं पहिला अर्ज विजेचा केला. रडार बंद पडणं गावाला, तालुक्याला व देशाला परवडणारं नाही, तरी दुपारची लाइट घालवू नये. वरच्या कार्यालयानं चौकशी केली. म्हणजे रजिस्टरची प्रत मागवली. रजिस्टरला रडार होतं. त्या दिवसापासून गावाची लाइट गेली नाही. गिरणी दिवसभर फिरू लागली, मोटारी पाणी ओढू लागल्या, आणि म्हातारी माणसं अप्पांच्या गच्चीकडे बघून हात जोडू लागली. गच्चीवरची भागम्मांची कपडे वाळवायची तार तेवढी काढावी लागली. तारेमुळे रडारला त्रास होतो, असं समितीच्या तांत्रिक शाखेचं मत पडलं. तांत्रिक शाखा म्हणजे गिरणीवाला.

नोंद ६. दुरुस्ती

या गडबडीत, लाइन तिसऱ्यांदा तुटायच्या आत, शिवरंजनीनं राउटरची सेटिंग स्वतःच उघडली. चॅनलसमोर 'आपोआप' लिहिलं होतं, तिथे तिनं छत्तीस निवडला. ही वाट रडारच्या हक्काबाहेरची. दोन मिनिटं लागली. त्यानंतर नऊ दिवस लाइन एकदाही तुटली नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. दुरुस्तीला दाखला लागत नाही, हे ऐकून घरातल्यांना वाईट वाटलं असतं.

दहाव्या दिवशी वरून पाहणी पथक आलं. रडार चालू असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी राउटरची नोंद मागितली. नऊ दिवसांत रडार आढळलं नव्हतं.

"बंद पडलंय का?" साहेबांनी विचारलं.

अर्ध्या तासात गाव दारात आलं. अप्पा आतल्या खोलीत शिवरंजनीकडे गेले.

"अप्पा, रडार नव्हतंच कधी. मी वाट बदलली, बास."

"कळतंय गं मला."

"मग सांगा की त्यांला."

"लाइट जाईल, शिवा. सगळ्या गावाची. घडीभर पहिल्यासारखं करून दे."

"पाच मिनिटात माझं बोलणं सुरू व्हायलंय. ते रडार आलं तर माझं काम जाईल."

"अन् न्हाई आलं तर गावाची लाइट."

तिनं अप्पांना बाहेर काढून दार लावून घेतलं. लेकीचा मोबाइल बाहेरच राहिला होता आणि त्याचा पासवर्ड त्यांना माहीत होता. तो त्यांचंच नाव होता. अध्यक्ष या नात्यानं त्यांनी राउटरच्या सेटिंगातला छत्तीस खोडून पुन्हा 'आपोआप' केलं. पथकानं चहा घेतला. पन्नास माणसं राउटरच्या हिरव्या दिव्याकडे बघत श्वास रोखून बसली. आतून शिवरंजनीचा हसरा, तयार केलेला आवाज येत होता : "सर, तुमची अडचण मी समजू शकते—"

रडार आलं.

बाहेर शिट्ट्या वाजल्या. साहेबांनी 'स्थिती : चालू' असा शेरा मारून सही केली. अप्पाही टाळ्या वाजवत होते. दाराकडे पाठ करून.

नोंद ७. साक्षीदार

दुपारी शिवरंजनीनं गावाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : 'आपल्या गावात रडार नाही.' मिनिटभरात तिला ग्रुपमधून काढण्यात आलं. लगेच समितीनं आपला मेसेज सोडला : 'रडारविरोधी अफवांपासून सावध. खरा नागरिक असाल तर पुढे पाठवा.'

तो फिरत फिरत तुमच्याकडे आला. तुम्ही तो तीन ग्रुपवर पाठवलात, खाली दोन जोडलेले हात लावून. समिती आपली आभारी आहे. रडार प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या यादीत आपलं नाव घेतलं आहे, अनुक्रमांक चारशे बारा. फक्त सही राहिली आहे.

सही : ........................