डाव्या हाताचं कुलूप

काकूंनी काकांच्या डाव्या हाताला कुलूप लावलं, ओढून पाहून पक्कं बसल्याची खात्री केली आणि किल्ली दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातली.

"आता चहापर्यंत निवांत बसा," त्या म्हणाल्या.

"जन्मभर लोकांची कुलपं उघडली," काका कुरकुरले, "आणि म्हातारपणी बायकोनं मलाच कुलूप घातलं."

पण ही वेळ काकांनीच आणली होती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांची उजवी बाजू हळूहळू ताळ्यावर येत होती. पाय काठीच्या आधाराने चालू लागला होता. तोंड तर, काकूंच्या मते, सगळ्यात आधी चालू लागलं होतं. फक्त उजवा हात रुसून बसला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याचं खापर सरळ डाव्या हातावर फोडलं. "हा फार पुढेपुढे करतो. सगळी कामं हाच उरकतो, मग उजवा कशाला हलेल? रोज दुपारी याला बांधून ठेवा."

काकूंनी जुन्या रजईच्या कापडाची एक जाडजूड पिशवी शिवली आणि काकांच्या डाव्या हातावर चढवून मनगटाशी दोरीने बांधली. काकांनी दोरी दातांनी सोडली. काकूंनी पट्टा लावला, तो काकांनी गुडघ्यात धरून काढला. शेवटी काकूंनी काकांच्याच पेटीतून बॅगेला लावायचं एक चिमुकलं कुलूप शोधून काढलं. ते काकांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं होतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

काकांचं कोपऱ्यावर कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. झटका आल्यापासून शटर खाली होतं. बरोबर समोर दुसऱ्या एका किल्लीवाल्याचं दुकान होतं. काकांनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. घरात त्याचा उल्लेख 'समोरचा' असाच व्हायचा, मग तो समोर असो वा नसो. हा समोरचा गेल्या आठवड्यात भेटायला आला, बराच वेळ खुर्चीत चुळबुळ केली आणि म्हणाला, "दादा, दुकान बंदच ठेवणार असाल तर मी चालवायला घेतो. विचार करून सांगा."

काकांनी विचार केला तो असा, की समोरच्याला उत्तर द्यायच्या आत उजव्या हाताने किल्ली फिरली तर दुकान उघडायचं, नाही फिरली तर देऊन टाकायचं. उत्तर आज द्यायचं होतं. सकाळपासून काका उजव्या हातात किल्ली धरत होते आणि ती सकाळपासून खाली पडत होती. किल्ली पडल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात काकूंच्या हातचं भांडं जरा जास्तच जोरात आपटत होतं.

काकूंनी दूध मंद गॅसवर ठेवलं आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर निघाल्या. दार ओढलं गेलं की बंद व्हायचं, म्हणून नेहमीप्रमाणे फटीत चप्पल अडकवून गेल्या. इकडे काकांना चालण्याचा सराव करायची हुक्की आली. काठी पिशवीतल्या डाव्या हाताने कवटाळून दारापाशी आल्यावर त्यांना वाटेत पडलेली चप्पल दिसली. पसारा त्यांना खपत नसे. त्यांनी काठीने चप्पल आत ओढली. खट्ट आवाज झाला.

काका जागच्या जागी थिजले. तो आवाज त्यांच्याइतका कोणाला ओळखीचा नव्हता.

दाराचं हे लॅच, म्हणजे ओढताच आपोआप बसणारं कुलूप, काकांच्या कारागिरीचा कळस होता. बाहेरून किल्लीशिवाय कोणाच्या बापाला उघडणार नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत, आणि त्यांच्या शब्दावर इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी तेच बसवून घेतलं होतं. आतूनही ते सहजासहजी उघडत नसे. अंगठ्याने बारीकशी कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी बोटांनी गोल मूठ फिरवायची. चोराने कुठून तार सारली तरी उघडू नये, म्हणून ही युक्ती. रजईची पिशवी घातलेल्या हातानेही उघडू नये, असा काही काकांचा हेतू नव्हता, पण तेही त्यात आपोआप साधलं होतं.

काकू कपड्यांचा ढीग घेऊन खाली आल्या आणि बंद दारासमोर उभ्या राहिल्या.

"अहो! चप्पल कुठे गेली?"

"आत आहे. जागेवर ठेवली."

"आणि दाराची किल्ली?"

"तीही जागेवर. खिळ्याला."

काकूंनी कपडे खाली टाकले. "दूध आहे गॅसवर! आधी गॅस बंद करा!"

काका लगबगीने स्वयंपाकघरात गेले. दूध कडेपर्यंत आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि परत दारापाशी आले.

"केला. आता तुझ्या गळ्यातली किल्ली दाराखालून सरकव. डावा हात सुटला की लगेच उघडतो."

काकूंनी वाकून पाहिलं. दाराखाली रबरी पट्टी ठोकलेली होती. "इथून मुंगीसुद्धा जायची नाही."

"हो, ती मीच ठोकली. मग खिडकीतून टाक."

खिडकीला बारीक जाळी होती. तीही काकांनीच बसवली होती. टपालाची फट तर त्यांनी पत्रा मारून केव्हाच बुजवली होती. आयुष्यभर चोराचा विचार करून त्यांनी घर असं बंदोबस्तात ठेवलं होतं, की आता त्यात मालकिणीलाही शिरकाव नव्हता.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरही आले. त्यांनी दाराचं बारकाईने निरीक्षण केलं आणि दार बंद असल्याचं सगळ्यांना सांगितलं.

"तोडायचं का?" वहिनींनी विचारलं.

"खबरदार!" आतून काका ओरडले. "माझ्या दाराला हात लावाल तर!"

"अहो, मग उजव्या हातानं उघडा की," काकू म्हणाल्या. "बाई एवढं शिकवतात ते कशासाठी?"

काकांनी उजवा हात उचलून मुठीवर ठेवला. अंगठा कळेवर नेला. अंगठा दबला तेव्हा बोटं सुटली. बोटं धरली तेव्हा अंगठा घसरला. त्यांनी हाताला समजावलं, दटावलं, शेवटी दोन शिव्याही दिल्या. हात ढिम्म. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला आणि मनात आलं, झालं, दुकान गेलं.

नेमका तेवढ्यात जिन्यावरून ओळखीचा खोकला ऐकू आला. समोरचा उत्तर घ्यायला आला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं, आणि सगळं ऐकून घेताना त्याचे डोळे लकाकले. इतकी वर्षं त्याने सगळ्यांच्या तोंडून या कुलपाचं कौतुक ऐकलं होतं. "बघू का जरा?" असं म्हणत त्याने खिशातून तार आणि कुलपाला ताण द्यायची बारीक पट्टी काढलीसुद्धा.

आतून काकांना किल्लीच्या भोकात तार शिरल्याची खरखर ऐकू आली. समोरच्याने हे दार उघडलं, तर दुकानाचं उत्तर वेगळं द्यायची गरजच उरणार नव्हती.

"नाही उघडणार ते," काका आतून म्हणाले.

"बघतो तर खरं."

"हात जड आहे तुझा."

"तुम्हाला आतून कसं दिसलं?"

"ऐकू येतंय मला! नांगर चालवल्यासारखा आवाज येतोय!"

बाहेर समोरचा घामाघूम, आत काका घामाघूम. एकाच कुलपाला दोन्ही बाजूंनी दोघे झटत होते आणि ते दोघांनाही दाद देत नव्हतं. इंजिनिअर मधूनमधून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणत होते. ते नेमकं कोणाला, हे कोणीच विचारलं नाही.

अचानक काकू दाराला तोंड लावून म्हणाल्या, "अहो, गॅस कोणत्या हातानं बंद केलात?"

आत काकांनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो रजईत गाढ झोपलेला होता. गॅसचं बटण दाबून फिरवावं लागतं. ते या पिशवीने फिरणं शक्य नव्हतं. मग काकांनी उजव्या हाताकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा तो मुकाट लोंबत होता.

"अरे लबाडा!" काका म्हणाले.

"कोण, मी?" बाहेरून समोरच्याने विचारलं.

काकांनी हाताकडे बघायचं सोडलं आणि डोळ्यांपुढे उतू जाणारं दूध आणलं. हात मुठीवर गेला. अंगठा दबला, बोटं वळली, खट्ट झालं आणि दार उघडलं.

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच कपड्यांचा ढीग उचलायला वाकल्या, म्हणजे कोणाला दिसू नये. काका उजवा हात उंच धरून, निवडून आलेल्या उमेदवारासारखे बाहेर आले. एक पाऊल, दुसरं पाऊल. इंजिनिअरांनी पुढे होऊन तोच हात दाबला. समोरचाही ओशाळून हसला.

"बघ!" काका त्याला म्हणाले. "माझं दुकान..."

मागून वारा आला. खट्ट झालं.

सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकूंचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं.

"अहो, काठी कुठे आहे तुमची?"

काठी आत होती. काका काठीशिवाय बाहेर चालत आले होते. हे कळताच त्यांनी हाताशी येईल तो पहिला खांदा धरला. तो समोरच्याचा निघाला.

"आता आत कोण आहे?" इंजिनिअरांनी विचारलं.

"कोणीच नाही," काकू म्हणाल्या.

"आणि बाहेरून तर ते कोणालाच उघडत नाही. काकांनी आम्हाला तसा शब्द दिलाय."

हे कुलूप बाहेरून किल्लीशिवाय उघडू शकणारा एकच माणूस जगात होता, आणि तो या क्षणी अनवाणी उभा होता. उघडलं, तर सगळ्या इमारतीसमोर दिलेला शब्द खोटा पडणार. नाही उघडलं, तर समोरचा म्हणणार, हात गेला म्हाताऱ्याचा. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या कोपऱ्यावरच्या बंद शटरकडे, आणि काकूंपुढे डावा हात केला.

"सोड हा."

काकूंनी गळ्यातली किल्ली मुठीत गच्च धरली. "चहाची वेळ झालेली नाही."

"अगं, आपण घराबाहेर उभे आहोत!"

"बाईंनी सांगितलंय. चहापर्यंत म्हणजे चहापर्यंत."

"चहा आत आहे!"

"मग आत गेल्यावर सोडीन."

काकूंशी वाद घालण्यापेक्षा कुलूप सोपं होतं. काका समोरच्याकडे वळले. "तार तू धर. पट्टी इकडे दे."

"दादा, पण तुमचा हात..."

"माझा हातच लागणार आहे याला. तू पट्टी दांडगाईने दाबतोस, म्हणून आतल्या खिट्ट्या अडकून बसतात. हिला नुसता भार द्यायचा, जोर नाही. जोर माझ्या हातात आहेच कुठे?"

उजव्या हाताने काकांनी पट्टी धरली. समोरच्याने तार आत घातली. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"मागची उचल. हळू. अरे हळू! आता तिच्या पुढची. थांब, लागली हाताला." काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "कळतंय रे. बोटांना कळतंय."

दार उघडलं. यावेळी वहिनींनी आधी दारात चप्पल अडकवली.

टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत. इंजिनिअर उघड्या दाराकडे पाहत होते.

"म्हणजे आमचंही असंच उघडतं?"

काका काही बोलणार तोच वहिनी वर धावल्या. आपलं दार नीट ओढलंय की नाही याची त्यांना एकाएकी काळजी वाटू लागली होती. दारोदार बातमी पोचायला काकूंचा चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानापाशी आले तेव्हा बंद शटरसमोर अख्खी इमारत रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात काकांचंच लॅच होतं आणि प्रत्येकाला ते आणखी पक्कं करून हवं होतं. शब्द खोटा ठरल्यामुळे एखाद्या कारागिराचं दुकान उघडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. काकूंनी शटरची किल्ली पुढे केली. काकांनी ती उजव्या हाताने घेतली. ती एकदा खाली पडली. रांगेतलं कोणीही उचलायला वाकलं नाही, कारण काकूंनी सगळ्यांकडे तशा नजरेने पाहिलं होतं. काकांनी स्वतः उचलली, कुलपात घातली आणि फिरवली.

संध्याकाळपर्यंत रांग सरली. शेवटी समोरचा आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दुकान देणार नाही," काका म्हणाले.

"ठाऊक आहे." समोरच्याने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि हळूच कागद सोडला. आत काकांचं लॅच होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. "माझ्या घरचं आहे. एका गिऱ्हाइकाच्या नावानं नेलं होतं तुमच्याकडून. तेवढं पक्कं करून द्या. आणि दादा, कोणाला सांगू नका."

काकांनी ते उजव्या हातात घेतलं, तोलून पाहिलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"बस," ते म्हणाले. "पट्टी मी धरतो."