गुणाजीची नळी आणि जंगलभर गोतावळा

एका जंगलात एक डोंगर होता आणि त्या डोंगराचं पोट कायमचं बिघडलेलं होतं.

हसू नका बाळांनो. मागच्या ओळीतल्या टक्कल पडलेल्या बाळांनीही हसू नये.

डोंगराला एक भेग होती. त्या भेगेतून रात्रंदिवस वारा फुसफुसत बाहेर यायचा. ठिणगी दाखवली की हा वारा निळा निळा जळायचा. जनावरं त्याला डोंगराचा ढेकर म्हणायची आणि लांबून जायची.

खाली नदीकाठी गुणाजी नावाचं साळिंदर राहायचं. बायको साळूबाई. बीळ ओलं. थंडी पडली की साळूबाईचे गुडघे धरायचे आणि गुडघे धरले की तोंड सुटायचं. गुणाजीला गुडघ्यांची कीव यायची आणि तोंडाची भीती वाटायची. दोन्हींवर इलाज एकच, ऊब.

मग गुणाजी कामाला लागला. त्याने बांबू दाताने पोखरले, डिंक आणि चिकणमाती लावून एकाला एक जोडले. दोन पावसाळे खपला. शेवटी भेगेपासून बिळापर्यंत नळी आली, त्याने गारगोटी घासली आणि बिळाच्या तोंडाशी निळी ज्योत लागली. साळूबाई पाय पसरून बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली, "बरं केलंत."

ज्योत काही लपून राहत नाही. सशीण पिल्लं घेऊन आली. रानडुक्कर आलं, अस्वल आलं. गुणाजीने प्रत्येकाला नळीचा फाटा काढून दिला. त्यांनी दर अमावस्येला एक कंद द्यायचा, असं ठरलं. सगळे खूश होते. सगळे खूश आहेत म्हटल्यावर सरकारचं लक्ष गेलंच.

त्या जंगलात 'ढेकर-वहन नियामक मंडळ' होतं. गुणाजीच्या आधी कुणी ढेकर वाहिला नव्हता, पण मंडळ होतं. थोर राज्यांत मंडळ आधी येतं, ढेकर मागून येतो. मंडळाचे अध्यक्ष बगळेसाहेब. ते सदा एका पायावर उभे. दुसरा पाय सहीसाठी राखून ठेवलेला.

साहेब नळीच्या कडेकडेने चालत आले.

"हा वारा तुझा?"

"नाही साहेब. डोंगराचा."

"जाळतोस तू?"

"ज्याचा तो जाळतो. मी आपला इथून तिथे नेतो."

"तेच तर. दुसऱ्यासाठी नेतो तो लोकसेवक."

मग साहेबांनी लोकसेवक म्हणजे काय ते समजावलं. दर मंडळ ठरवणार. मागेल त्याला फाटा द्यायचा, नाही म्हणायचं नाही. सगळ्यांना सारखाच द्यायचा. मंडळाला विचारल्याशिवाय नळी बंद करायची नाही. नळी गुणाजीचीच, फक्त हुकूम मंडळाचा.

गुणाजीच्या अंगावरचे काटे उभे राहिले. दोन पावसाळे त्याने दात झिजवले होते. त्याने विचारलं, यातून सुटका नाही का? बगळेसाहेब कायद्याला पक्के. त्यांनी कलम सातवं वाचून दाखवलं : घरच्यांना आणि नातेवाइकांना नेलं तर ती सेवा नव्हे, तो संसार.

गुणाजीच्या डोक्यात उजेड पडला. तो उजेड नव्हता, पण त्याला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने नदीवर सगळ्यांना बोलावलं, कपाळाला चिखलाचा टिळा लावला आणि नाती जोडली. सशीण मावसबहीण झाली. रानडुक्कर साडू झालं. अस्वल मामा झालं, कारण मामाला मान असतो हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. बगळेसाहेबांनी अस्वलाकडे आणि साळिंदराकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांच्याही अंगावर काही ना काही उगवलेलं होतं. त्यांनी शेरा मारला : खासगी संसार.

गुणाजी नाचत घरी आला. साळूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, सरकार परवडलं," ती म्हणाली. "ते निदान सुट्टी घेतं."

पुढच्या अमावस्येला एकही कंद आला नाही. बहिणीकडून कंद घ्यायचे का, असं सशीणच विचारायला लागली. वर भाऊबीज आली. सशीण अकरा पोरींना घेऊन ओवाळायला आली आणि गुणाजीने घरातले होते नव्हते ते कंद ताटात घातले. साडू रुसला, कारण त्याच्या शेजारच्या फाट्यावर ज्योत बोटभर जास्त उंच होती. त्याची समजूत काढायला गुणाजी तीनदा चिखलात लोळून आला. मामाने तर विचारलंही नाही. त्याने मांडीएवढा जाड बांबू आणला आणि नळीला अगदी वरच्या अंगाला स्वतःच खुपसला.

ढेकर वरच अडायला लागला. पौषात गुणाजीच्या बिळातली ज्योत मोहरीएवढी झाली. मग तीही गेली. साळूबाईचे गुडघे धरले.

गुणाजी अस्वलाच्या गुहेत गेला. आत वैशाख होता.

"भाच्या," अस्वल पाठ शेकत म्हणालं, "मामाला चार चटके जास्त मिळाले तर तुझं काय बिघडलं? आणि आलाच आहेस तर जरा पाय चेप."

गुणाजीने पाय चेपले. गिऱ्हाईक असतं तर फाटा तोडला असता. मामाचा काय तोडणार?

सकाळी त्याने बगळेसाहेबांपुढे लोटांगण घातलं. "साहेब, मला लोकसेवक करा."

"पण तू तर संसारी."

"फार झाला संसार."

साहेब म्हणाले, नाती लागलेली मंडळाच्या दप्तरात आहेत, तुटल्याचा पुरावा आण. गुणाजी रडकुंडीला आला. तेव्हा साहेबांनी डोळे मिटले, मान आखडली आणि कलम अकरावं सांगितलं : नळी फुटली तर भरपाईला नातेवाईक जामीन राहतील, पंजा उमटवून द्यावा.

गुणाजी तो कागद घेऊन दारोदार फिरला. सशीण म्हणाली, तिला भाऊच नाही. साडू म्हणाला, अजून त्याचं लग्न व्हायचंय. अस्वलाने कागद उलटासुलटा पाहिला.

"मामा कसला? मला तर बहीणच नव्हती."

दुपारपर्यंत गुणाजी जगात एकटा उरला. इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मंडळाने ते नकार पुरावा म्हणून धरले आणि दर ठरवला. सगळ्यांचे फाटे एक बोट जाडीचे झाले. अस्वलाचा बांबू सरकारी हत्तीने उपटला. ढेकर शेवटपर्यंत पोचला. साळूबाईलाही रीतसर अर्ज करावा लागला, कारण वाहकाच्या घरी सवलत नाही. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे निळी ज्योत लागली आणि गुडघे सुटले.

मंडळाने एक तक्रारपेटीही टांगली होती. त्यात पहिली तक्रार साळूबाईची पडली. ज्योत उत्तम आहे, पण वाहक घोरतो.

तीस वर्षं तिच्या प्रत्येक बोलण्याला गुणाजी नुसतं "हं" म्हणत आला होता. आता सात दिवसांत लेखी उत्तर देणं त्याला बंधनकारक होतं.

तात्पर्य : सरकारच्या तावडीतून सुटायचं असेल तर नाती जोडावीत. नात्यांच्या तावडीतून सुटायचं असेल तर सरकारचे पाय धरावेत. धरताना मात्र बघून धरावेत. बगळ्याचा एकच जमिनीवर असतो.