गजाचा पाय

गजाचा उजवा पाय कधी थांबत नाही. मयताला बसला तरी हलतोच. एकदा न्हाव्याने कंटाळून अर्ध्या दाढीवर त्याला उठवलं. देवळात भटजींनी खुणावलं तर म्हणाला, "मी बसलोय. तो चालू आहे."

कारण आमच्या सगळ्या निर्मळ गावाला माहीत आहे. त्याची मुलगी मालू तिशीची. तिला चालता येत नाही, बोलता येत नाही, आणि झोपाळा थांबला की किंचाळते. तिची आई गेल्यापासून झोपाळ्याची दोरी गजाच्या पायाच्या अंगठ्याला आणि हातात विकायला ओवायच्या शेवंतीच्या माळा. झोपतोही तसाच.

आता तोच गुडघा अडकायला लागला. चालता चालता गजा बगळ्यासारखा उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांबा, गाडी अडकली." एक्स-रेत काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, सांध्यात नरम हाडाचे मणी सुटले असावेत. साधे की वाईट, ते एमआरआय काढल्यावर कळेल.

मी त्याची शेजारीण. मालूजवळ माझ्या सुनेला बसवून मी त्याला एमआरआयसाठी माणिकपूरला नेलं. आतून मशीनवाला पोरगा सारखा ओरडत होता, "काका, पाय!" पट्टा बांधला, तर पट्टाही हलायला लागला. फोटो सगळा पुसट आला.

"गजा, मेल्या, अर्धा तास नीट पडता येत नाही?"

"वयनी, तुमची सून झोका जोरात देते. मालूला चक्कर येल."

"वाईट काही निघालं तर मालूकडे कोण बघणार?"

त्यावर तो गप्प बसला. पाय बसला नाही.

दुसऱ्या वेळी त्याला माझ्या मुलाबरोबर पाठवलं आणि झोपाळ्याशी मी बसले. माझेही गुडघे नवे नाहीत. दुपारी गजा परत आला. डोळे सुजलेले. मला वाटलं, वाईटच निघालं.

मुलगा म्हणाला, "आई, तो आत गाढ झोपला, पायसुद्धा थांबला. मशीनच्या एवढ्या ठकठकीत घोरत होता. दोघांनी हलवून उठवला."

फोटो स्वच्छ आला होता. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मणीच आहेत, साधे आहेत, पण ऑपरेशन करून काढावे लागतील.

गजाने माझ्या हातातून दोरी घेतली, अंगठ्याला बांधली.

"वयनी, ऑपरेशनला बेशुद्ध करतात ना?"

"करतात. घाबरलास?"

"नाय." मालूकडे बघत तो बराच वेळ झोका देत राहिला. "किती वेळ करतात?"

मी म्हटलं, "ते डॉक्टरला विचार. आणि उठवायची घाई नको म्हणून सांग."